निरोपाचं घड्याळ

लढाईवर जाणाऱ्या प्रत्येक पोराला आमच्या मिरलीनमध्ये निरोप दिला जाई. गावाच्या हॉलमध्ये शनिवारी संध्याकाळी सगळे जमत. बायका घरून एकेक बशी खाण्याचं करून आणत, कुणी पियानो वाजवी, थोडा नाच होई, आणि मग कमिटीच्या अध्यक्षीण पॅस्कोबाई स्टेजवर येऊन त्या पोराच्या मनगटावर घड्याळ बांधत. घड्याळाच्या पाठीवर त्याचं नाव कोरलेलं असे. पॅस्कोबाईंना बोलायला फार आवडायचं, त्यामुळे घड्याळ बांधून होईपर्यंत चहा थंड झालेला असे.

माझ्या बाबांना, क्लेम टॅरंटला, ते घड्याळ बेचाळीसच्या जूनमध्ये मिळालं. त्याच संध्याकाळी पॅस्कोबाईंच्या मुलाला, मर्व्हलाही मिळालं. दोघे शाळेपासूनचे सोबती, आणि दोघांची लग्नं आदल्याच महिन्यात घाईघाईत उरकलेली. लढाई इतकी जवळ आली होती की कापडचोपड मिळेना. म्हणून मर्व्हची डल्सी जो झगा घालून चर्चमध्ये उभी राहिली, तोच पंधरवड्यानंतर खालची शिवण उसवून माझ्या आईने, आयव्हीने, घातला. आई डल्सीपेक्षा उंच. घोटे उघडेच राहिले, ते फोटोत दिसतात.

त्या संध्याकाळी दोघी नव्या नवऱ्या स्टेजवर खुर्च्या टाकून बसल्या होत्या. पॅस्कोबाई म्हणाल्या, "हे दोघे आपल्या खोऱ्याचे हात आहेत. हे हात आपण देशाला देतोय." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आजोबांनीसुद्धा वाजवल्या, आणि आजोबा टाळ्या वाजवणारे नव्हेत. बाबांच्या घड्याळाच्या पाठीवर कोरलं होतं, 'क्लेम टॅरंट, मिरलीनच्या अभिमानासह, १९४२.' आईने ते वाचलं आणि तिला रडू आलं. चांगलं वाटल्याने आलेलं रडू होतं ते.

सोमवारी दोघे गेले. पुढचा सोमवार उजाडायच्या आत बाबा परत आले.

ते कसे आले तेही सांगायला हवं. स्टेशनवरून आमच्या खोऱ्यात यायला दुसरं काही नव्हतं, अल्फ डॉकिन्सची सायीची लॉरीच होती. अल्फ रोज सकाळी लोणी कारखान्यासाठी साय गोळा करी. प्रत्येक मळ्याच्या तोंडाशी रस्त्याकडेला एक लाकडी ओटा असे, त्यावर सायीचे भरलेले कॅन ठेवलेले असत. अल्फ ते उचलून घेई, रिकामे ठेवी, आणि ओट्यापाशी जो कुणी असेल त्याच्याशी गप्पा मारी. म्हणजे खोऱ्यातल्या प्रत्येक ओट्यापाशी लॉरी थांबली आणि प्रत्येक ठिकाणी लोकांनी रिकाम्या कॅनच्या मधोमध बसलेले, हॅट डोळ्यांवर ओढलेले माझे बाबा पाहिले. आमचा मळा खोऱ्याच्या अगदी शेवटी. बाबा घरी पोचले तेव्हा ही बातमी शिळी झाली होती.

आजी अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होती. "काय विसरलास रे?" तिने विचारलं.

"काही विसरलो नाही. मला नाही घेतलं."

"नाही घेतलं म्हणजे? इथल्या डॉक्टरने तर पास केलं होतं."

"तिथे दुसऱ्याने तपासलं. छातीत आवाज येतो म्हणाला. लहानपणी सांधे धरले होते का, विचारत होता."

"सांधे बिंधे काही नाही," आजी म्हणाली. "तू उंच होत होतास. वाढीचा ताप होता तो. सगळ्या पोरांना येतो."

"तो म्हणाला, तोच तो. त्याच तापाने छाती बिघडते."

आजीने उरलेले दाणे एकदम फेकून दिले. "आपल्या घरात कुणाच्या छातीत कधी काही नव्हतं," ती म्हणाली, आणि ते तिने असं म्हटलं की जणू बाबांनी ते छावणीतून उचलून आणलं होतं.

आई दारात उभी होती. तिला आनंद झाला होता, खरंच झाला होता. नवरा जिवंत परत आला म्हटल्यावर कुणाला होणार नाही. पण त्या आनंदाच्या मागोमाग तिच्या मनात आलं ते हे, की येत्या रविवारी चर्चमध्ये जावं लागेल. नवऱ्याला मिठी मारताना असलं मनात येतं याचीच तिला लाज वाटली. आजोबा गोठ्यातून बाहेर आले, त्यांनी पोराकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तांबडीचं राहिलंय," ते म्हणाले. बाबांनी कोट काढून कुंपणावर टाकला आणि तांबडीचं दूध काढायला बसले. मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी बाबा ते घड्याळ परत द्यायला गेले. पॅस्कोबाई फाटकापाशीच भेटल्या. त्यांनी आत बोलावलं नाही, आणि बाबांनीही आत यायचं म्हटलं नाही.

"हे कमिटीचं आहे," बाबा म्हणाले. "मी काही गेलो नाही. दुसऱ्या कुणाला द्या."

पॅस्कोबाईंनी घड्याळ उलटं केलं. "नाव कोरलंय रे यावर. क्लेम टॅरंट नावाचं घड्याळ मी दुसऱ्या कुणाच्या हातात घालू?"

"मग घासून काढा नाव."

"तसं बरं दिसत नाही. तुला दिलंय ते तुझं. घाल तू." त्यांनी ते परत बाबांच्या तळहातावर ठेवलं आणि वर त्यांची मूठ मिटली, लहान पोराला पेपरमिंट द्यावी तशी. "आणि तब्येत सांभाळ हो. आमच्या मर्व्हच्या छातीत देवाच्या दयेने काही आवाज नाही निघाला."

बाबा तसेच परत आले. तेव्हापासून घरात घड्याळाचा पेच सुरू झाला. बाहेर जाताना घातलं तर लोक म्हणणार, लाज नाही याला. नाही घातलं तर म्हणणार, गावाने मान दिला त्याची किंमत नाही याला. आजीचं मत घालावं असं होतं. "लपवलंस की चोर ठरशील," ती म्हणे. आजोबा म्हणत, "गाई घड्याळ बघत नाहीत." आईला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं की ते विहिरीत टाका.

रविवारी बाबा घड्याळ घालून चर्चला गेले. हात कोटाच्या बाहीत आत ओढून बसले. भजनाचं पुस्तक धरायला हात वर करावा लागला तेव्हा बाही खाली सरकली, आणि आईला दिसलं की पुढच्या बाकावरची डल्सीची आई मागे वळून नेमकं तिथेच बघतेय.

आमच्या मिरलीनचे लोक वाईट नाहीत. आग लागली तर सगळे ओली पोती घेऊन धावतात. पण जे डोळ्यांना दिसत नाही त्यावर त्यांचा विश्वास बसत नाही. एखाद्याचा पाय लाकूड तोडताना गेला असता, एका डोळ्याने दिसत नसतं, तर त्यांनी समजून घेतलं असतं. माझे बाबा मात्र सहा फूट उंच, खांदे गोठ्याच्या दाराएवढे. दोन्ही हातांत दोन भरलेले कॅन घेऊन ते ओट्यापर्यंत चालत आणि एकेक झटक्यात वर ठेवत. अल्फ लॉरीतून बघत असे.

"काय रे क्लेम, तुझं ते दुखणं असतं तरी कुठे? सुट्टीवर गेलंय की काय?"

बाबा हसत. दुसरं काय करणार. आणि अल्फ परतताना खालच्या ओट्यांवर सांगे, की आज टॅरंटच्या आजारी पोराने दोन कॅन एका दमात उचलले बघा. अल्फच्या मनात काही वाकडं नव्हतं. त्याला रोज प्रत्येक ओट्यावर सांगायला काहीतरी लागे एवढंच.

ते आईपर्यंत दुकानात पोचलं. ती पीठ घ्यायला गेली होती आणि डल्सीही तिथे होती. डल्सी तिच्या गळ्यात पडली. "तू नशीबवान आहेस गं," डल्सी म्हणाली. "तुझा तरी रात्री घरी असतो." तिने ते मनापासून म्हटलं. दुकानातल्या दोघीतिघी मात्र पिठाच्या पोत्यांकडे बघायला लागल्या. आई पीठ न घेताच निघाली, आणि घरी येऊन आजीला म्हणाली की पीठ संपलं होतं.

त्या संध्याकाळी आई आणि बाबा दुधाच्या खोलीत होते. साय काढायच्या यंत्राच्या तबकड्या रोज दोनदा गरम पाण्यात धुवाव्या लागत, एकेक सुटी करून, आणि परत ओळीने तारेत ओवाव्या लागत. बाबा यंत्राचा दांडा फिरवत होते. आई धूत होती.

"क्लेम," ती म्हणाली, "तू ते कॅन असे उचलत जाऊ नकोस."

"मग कसे उचलू?"

"अल्फ बघत असतो. एकेक ने. मध्ये थांब. जरा टेक."

"एकेक नेले तर वेळ दुप्पट लागतो."

"लागू दे. जरा छातीला हात लाव."

दांडा फिरायचा थांबला. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. "नाटक करू?"

"नाटक नाही. जे आहे तेच जरा दिसू दे लोकांना. डॉक्टरने सांगितलंय ना? मग ते खरंच आहे. खरं दाखवायला काय हरकत आहे?"

"आणि नसेल दुखत तर?"

"तरी."

 बाबांनी पुन्हा दांडा फिरवायला घेतला, आधी हळू, मग नेहमीसारखा, आणि यंत्र घोंघावायला लागलं. आईने तबकड्या ओवल्या. एक उलटी ओवली गेली, ती काढून परत घातली. तिला वाटत होतं की त्यांनी रागवावं. रागावले असते तर तिने मागे घेतलं असतं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी दोन्ही कॅन एका दमातच नेले. आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. त्या खिडकीतून उतारावरचा रस्ता आणि ओटा सरळ दिसतो. त्यांनी पहिल्यापेक्षाही झटकन उचलले. त्यांच्या छातीत तेव्हा दुखत होतं का, दम लागत होता का, हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. मला वाटतं, दुखत असलं तरी तिने तसं म्हटल्यावर ते दाखवणं त्यांना शक्यच नव्हतं.

ऑगस्टमध्ये मर्व्ह आठवडाभराच्या रजेवर आला. तिथून त्याला बोटीने न्यू गिनीच्या लढाईवर जायचं होतं, हे कुणी बोलत नव्हतं पण सगळ्यांना माहीत होतं. हॉलमध्ये पुन्हा संध्याकाळ ठरली. बाबा म्हणाले, आपण नको जाऊ या. आजी म्हणाली, तुझा सोबती आहे तो, न जाऊन चालेल का? आईने लिंबाचं गोड सारण भरलेल्या टार्टची बशी केली आणि सगळे गेले. बाबांनी घड्याळ घातलं. आजी दारात उभी राहून बघत होती, म्हणून घातलं.

मर्व्ह गणवेशात छान दिसत होता. केस इतके बारीक कापले होते की कान वेगळेच वाटत होते. तो बाबांना बघून खूश झाला, त्याने त्यांच्या पाठीत गुद्दा मारला, छावणीतल्या जेवणाची टर उडवली. त्याच्या डोक्यात काही पाप नव्हतं, हे आई शपथेवर सांगायची. त्याचं घड्याळ चिखलात खराब होऊ नये म्हणून त्याने डल्सीपाशी ठेवलं होतं, आणि डल्सी नाचत होती. पियानो थांबला. दोन नाचांच्या मधली ती शांतता असते ना, त्यात मर्व्हने मोठ्याने विचारलं, "किती वाजले रे क्लेम?"

दारापाशी सिगारेट ओढत उभा असलेला कुणीतरी म्हणाला, "त्यालाच विचार. त्याच्याकडे वेळच वेळ आहे."

लोक हसले. सगळे नाही, पण पुरेसे हसले. मर्व्हच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. आपण काय विचारलं ते त्याला आत्ता कळलं. बाबांनी बाही वर केली, घड्याळ नीट दिव्याखाली धरलं, आणि म्हणाले, "नऊला दहा कमी आहेत."

मग त्यांनी आईकडे पाहिलं.

आई चहाच्या टेबलापाशी होती. तिला सगळं ऐकू आलं होतं. चार पावलं चालून त्यांच्या शेजारी जाऊन उभं राहायचं होतं, एवढंच करायचं होतं. तिने पाठ फिरवली आणि किटली उचलून एका कपात चहा ओतला. कप आधीच भरलेला होता. चहा बशीत आला, बशीतून टेबलक्लॉथवर आला, आणि पॅस्कोबाई म्हणाल्या, "आयव्ही, बाई, काय करतेस?"

परतीच्या वाटेवर आजी-आजोबा गाडीत पुढे होते. आई आणि बाबा मागे, पाय लोंबकळत सोडून, उलट्या दिशेला तोंड करून बसले होते.

"तुला ऐकू आलं ना?" बाबांनी विचारलं.

"काय?"

"काही नाही."

"किटलीचा आवाज होता," आई म्हणाली.

"बरं," बाबा म्हणाले.  घरापर्यंत रिकामी बशी आईच्या मांडीवर होती. टार्ट मात्र सगळे संपले होते.

सप्टेंबरभर पाऊस लागून राहिला. गाई वीत होत्या, एकेका दिवशी दोन दोन. आजोबांची कंबर धरली आणि ते अंथरुणाला खिळले, त्यामुळे सगळं बाबांवर पडलं. उतारावरचा चिखल असा झाला की कॅन न्यायची ओढगाडी अर्ध्यातच रुतून बसे आणि घोडं पुढे पाऊल टाकेना. मग बाबा घोड्याला तिथेच बांधत आणि कॅन खांद्यावर घेऊन उरलेली वाट उतरत. रात्री जेवताना त्यांचे ओठ निळसर दिसत. आजी म्हणे, थंडी फार आहे. आईलाही तसंच वाटे.

हॉलमधल्या त्या संध्याकाळनंतर दोघे एकमेकांशी चांगले वागत होते. फारच चांगले. कप हातातून घेताना आभार मानत.

त्या दिवशी सकाळी पाऊस जरा उघडला होता. आई स्वयंपाकघरात खिडकीपाशी तबकड्या धूत होती. तिने खाली पाहिलं तर बाबांनी पहिला कॅन ओट्यावर ठेवला, दुसरा आणायला वर आले, तो खांद्यावर घेतला आणि उतरले. ओट्यापाशी पोचल्यावर त्यांनी तो वर ठेवला नाही. खाली चिखलात ठेवला. मग ओट्याच्या कडेला बसले आणि छातीला हात लावला.

वळणापलीकडून अल्फच्या लॉरीचा आवाज येत होता.

आईचे हात पाण्यात थांबले. शेवटी ऐकलं माझं, तिला वाटलं. तिचं सगळं अंग हलकं झालं. आज अल्फ बघेल, खालच्या ओट्यावर सांगेल, दुपारपर्यंत दुकानात पोचेल, आणि येत्या रविवारी चर्चमध्ये मान खाली घालून बसावं लागणार नाही. तिला त्यांच्याबद्दल इतकं प्रेम वाटलं जितकं लग्नाच्या दिवशीही वाटलं नव्हतं. माझ्यासाठी करतोय, तिला वाटलं. त्याला असलं करायला किती जड गेलं असेल.

बाबांनी घराकडे तोंड वळवलं. खिडकीत ती दिसली असणार, कारण त्यांनी दुसरा हात वर केला.

आईनेही हात वर केला. हातात फडकं होतं, ते हलवलं. आणि हसली. मग पुन्हा तबकड्या धुवायला लागली. गुणगुणतही होती म्हणे. कुठलं गाणं ते तिला नंतर आठवलं नाही.

लॉरीचा आवाज अजून पलीकडच्या मळ्यावरून येत होता. तिथल्या ओट्यापाशी अल्फ नेहमीसारखा गप्पा मारत थांबला असावा, कारण लॉरी आमच्याकडे यायला बराच वेळ लागला. तोवर आईने तबकड्या पुसल्या, ओवल्या, आणि आजोबांना चहा नेऊन दिला. मग एकदम हॉर्न ऐकू आला, थांबेचना. आई धावत बाहेर आली तेव्हा लॉरी चिखलातून घसरत, कुंपण मोडत वर येत होती. पुढच्या सीटवर बाबा कलंडलेले होते आणि अल्फ एका हाताने त्यांना धरून दुसऱ्या हाताने चाक फिरवत होता.

"ओट्याखाली पडला होता," अल्फ म्हणाला. "मला काय माहीत, बाई. मी खाली गप्पा मारत बसलो. मला काय माहीत."

बाबांचे डोळे उघडे होते. त्यांनी आईचा हात धरला. मनगटावर चिखल होता, घड्याळावरही होता.

जिल्ह्याच्या डॉक्टरने सांगितलं की हृदयाची झडप लहानपणापासून खराब आहे, हा माणूस इतके दिवस कॅन उचलत होता तरी कसा. आता काही उचलायचं नाही. चढ चढायचा नाही. दर थोड्या पावलांनी थांबायचं, टेकायचं. आई ऐकत होती. दुधाच्या खोलीत तिने बाबांना जे सांगितलं होतं, तेच डॉक्टर सांगत होता.

मग बाबा व्हरांड्यातल्या खुर्चीत बसायला लागले आणि गाव बदललं. त्यांचा चेहरा उतरला, खांदे पडले, बोलताना मध्ये श्वास घ्यावा लागे. आता सगळं दिसत होतं. पॅस्कोबाई सूप घेऊन आल्या आणि खुर्चीशेजारी बसून रडल्या. अल्फ रोज लॉरी थांबवून वर येई आणि बाबांचे कॅन स्वतः उतरवून नेई. आई दूध काढायची, कंबर बरी झाल्यावर आजोबा यंत्र फिरवायचे. चर्चमध्ये लोक उठून बाबांना कडेची जागा देत. आता ते घड्याळ रोज त्यांच्या हातात असे आणि कुणाला खुपत नसे. येणारे जाणारे मुद्दाम विचारत, "किती वाजले, क्लेम?" बाबा बाही वर करून सांगत.

आणि जो येई त्याला बाबा ती गोष्ट सांगत.

"मी तर संपलोच होतो," ते म्हणत. "ओट्यावर बसलो, डोळ्यांपुढे अंधार यायला लागला. आवाज फुटेना. वर बघतो तर आयव्ही खिडकीत. मी हात केला. तिने लगेच फडकं हलवलं, थांब, येते म्हणून. ते बघितलं आणि मी धीर धरला. नाहीतर डोळे मिटले असते बघा. ती निघाली असणारच, तेवढ्यात अल्फ आला. तिने बघितलं म्हणून मी आहे."

पहिल्यांदा त्यांनी हे सांगितलं तेव्हा आई तिथेच होती. तिने तोंड उघडलं. बाबा तिच्याकडे बघत होते, हॉलमध्ये बघितलं होतं तसंच, पण या वेळी हसत होते. तिने तोंड मिटलं आणि चहा ठेवायला आत गेली. दुसऱ्या वेळी सांगायचं ठरवलं. दुसऱ्या वेळी आजी तिथे होती. तिसऱ्या वेळी गोष्ट पक्की झाली होती.

मर्व्ह शेहेचाळीसच्या उन्हाळ्यात परत आला. मलेरियाच्या गोळ्यांनी पिवळा पडलेला आणि इतका वाळलेला की डल्सीने त्याला स्टेशनवर आधी ओळखलंच नाही. हॉलमध्ये स्वागताची संध्याकाळ झाली. बायकांनी बश्या आणल्या. बाबांना चौघांनी खुर्चीसकट उचलून आत नेलं आणि पहिल्या रांगेत बसवलं. आई त्यांच्या शेजारी बसली. तिचे दिवस भरत आले होते. पोटात मी होते.

मर्व्हला बोलायला सांगितलं तर त्याला बोलता येईना. तो दोनदा "आभारी आहे" म्हणाला आणि मग खाली बाबांकडे बोट करून म्हणाला, "क्लेमला बोलू द्या. क्लेम, तू सांग काहीतरी." त्याला ती जुनी संध्याकाळ आठवत असणार. तो तिची भरपाई करायला बघत होता.

बाबांना एकच गोष्ट सांगता येत होती. त्यांनी बसल्या बसल्या ती सांगितली, हळूहळू, मध्ये श्वास घेत. हॉल इतका शांत होता की पत्र्यावरच्या कावळ्याचे पाय वाजत होते. "पोरं तिकडे लढली," ते शेवटी म्हणाले. "त्यांच्या बायकांनी वाट बघितली. माझ्या बायकोने मला खिडकीतून बघितलं. सगळ्यांचं सारखंच."

पॅस्कोबाई स्टेजवरून पुढे आल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "आयव्हीसाठी टाळ्या वाजवा सगळ्यांनी."

सगळा हॉल उभा राहिला. डल्सी रडत होती. अल्फ मागे भिंतीपाशी दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवत होता. टाळ्या थांबत नव्हत्या, म्हणून आईला उठावं लागलं. ती पोट सावरत उठली, वळली, सगळ्यांकडे पाहिलं, आणि म्हणाली, "आभारी आहे."

ती खाली बसली तेव्हा बाबांनी तिच्या हातावर थाप मारली. "बघ," ते तिच्या कानाशी म्हणाले, "आता आपल्याला कुणी काही म्हणायचं राहिलं नाही."

बाबा मी शाळेत असतानाच गेले. आईने खिडकीतलं हे खरं मला फार उशिरा सांगितलं, साय काढायचं ते यंत्र विकायला काढलं तेव्हा. ती शेवटच्या वेळी तबकड्या धूत होती आणि मी पुसत होते. मी तिला म्हटलं, अगं, तुला काय माहीत होतं, कुणालाही तसंच वाटलं असतं. तिने मान हलवली.

"ते नाही गं," ती म्हणाली. "चूक सगळ्यांची होते. पण घड्याळ आपलं नाही म्हणून तो परत द्यायला फाटकापर्यंत तरी गेला होता. मी उभी राहिले आणि त्या टाळ्या घेऊन बसले."

मग तिने उरलेल्या तबकड्या तारेत ओवल्या, आणि एकही उलटी नाही ना ते दोनदा बघितलं.